आडवी चालणारी होडी

लढाई संपली त्या सुमाराला मी सांगलीत बॅटऱ्या चार्ज करून देण्याचं दुकान चालवत होतो. लोक रेडिओच्या आणि मोटारींच्या बॅटऱ्या सकाळी आणून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जात. मधल्या वेळात बॅटऱ्या आपापल्या चार्ज होत, त्यात माझं कर्तृत्व काही नसे. पण दुकानाच्या पाटीवर मी नावापुढं ‘इलेक्ट्रिक इंजिनियर’ असं रंगवून घेतलं होतं. हे इंजिनियरिंग मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून शिकलो होतो, आणि त्या पुस्तकाची मागची पानं वाळवीनं खाल्ली होती. मोटार सुरू कशी करायची इथपर्यंत माझं ज्ञान पक्कं होतं. ती आवरायची कशी, हा भाग वाळवीच्या पोटात गेला होता.

आमचं घर जैनांचं. वडिलांची हळदीची अडत. घरात पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, आणि चुकून मुंगीवर पाय पडला तरी आई संध्याकाळपर्यंत हळहळायची. अशा घरातला मी मासे धरायच्या होडीवर चालक म्हणून कसा गेलो, हे सांगायचं तर आधी हवालदाराबद्दल सांगायला हवं.

हवालदार माझा शाळेतला सोबती. त्याचं गाव नदीकाठानं वर, सातारा जिल्ह्यात. सायकल दामटली तर सांगलीहून फार लांब नाही. शाळेसाठी तो सांगलीत मावशीकडं राहायचा आणि वर्गात माझ्या शेजारी बसायचा. मॅट्रिक व्हायच्या आधीच तो पलटणीत भरती झाला. त्याच्या घरात ते ठरलेलंच होतं. आजा, बाप, चुलते, सगळे आळीपाळीनं ऊस आणि बंदूक सांभाळत आलेले. इटलीहून परत आला तेव्हा तो हवालदार झाला होता, आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. सगळं गाव त्याला हवालदार म्हणायला लागलं, मग मीही म्हणायला लागलो. तो मला शाळेपासून ‘शेट’ म्हणायचा. मी शेट कधीच नव्हतो, पण त्यानं म्हटलं की बरं वाटायचं.

आठवड्याच्या बाजाराला आला की तो माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसे. फारसं बोलत नसे. एकदा येताना त्यानं एक काठी आणली. तीन तुकड्यांत जोडायची, बुडाशी दोरा गुंडाळायची पितळी चकरी असलेली. इटलीत दवाखान्यात असताना एका गोऱ्या सार्जंटानं त्याला ती दिली होती आणि एका हातानं गळ कसा फेकायचा तेही शिकवलं होतं. काठी जोडून झाल्यावर तो म्हणाला, “शेट, तुज्याकडं पान्यात चालंल अशी मोटार हाय का?”

“होडीला लावायला? पुढं न्यायला?”

“पुढं न्हाई. आडवी.”

“आडवी म्हणजे?”

त्यानं माझ्या टेबलावरची काडेपेटी उचलली, तिचं तोंड टेबलाच्या कडेकडं केलं आणि ती तशीच, तोंड न वळवता, कडेकडेनं सरकवत नेली. “ही होडी. ह्यो काठ. तोंड सारखं काठाकडं, आन् चालायचं असं. खेकडा चालतो तसं.”

मग त्यानं कारण सांगितलं. मरळ हा मासा काठालगत लव्हाळ्यात आणि बाभळीच्या मुळ्यांखाली दडून बसतो. काठावरून तिथं गळ टाकता येत नाही, झुडपं आडवी येतात. पाण्यातूनच समोरून टाकावा लागतो. दोन हातांचा माणूस होडीत कसाही वळून बसेल आणि बाजूला गळ फेकेल. हवालदाराला ते जमत नव्हतं. होडीच्या पुढच्या टोकाला पाय रोवून बसायचं आणि नाकासमोर फेकायचं, एवढंच त्याला जमे. बाजूला वळला की तोल जाई आणि कडेला धरायला दुसरा हात नसे. म्हणून होडीनंच काठाकडं तोंड करून काठाकाठानं आडवं सरकत राहायला हवं होतं.

“मग वल्हं मारायला कुणाला तरी सोबत ने की,” मी म्हणालो.

त्यानं चकरीला एक गरका दिला. “नेलं की रं. चुलत्याला नेलं, भावाला नेलं. त्ये समदे माज्या हाताकडं बघत बसत्यात. गळाकडं कुनीच बघत न्हाई.”

मी काडेपेटी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. अवघड वाटलं की मी कामाचं आश्वासन देऊन मोकळा होतो, ही माझी खोड जुनीच आहे. मी म्हणालो, “पेट्रोलचं इंजिन काही उपयोगाचं नाही. पेट्रोल रेशनवर आहे. आपण विजेची मोटार बसवू. बॅटरी माझ्याच दुकानातली. होडी आडवी चालवायची, त्यात एवढं काय आहे?”

लढाईत उरलेलं लष्करी सामान तेव्हा पुण्यात ढिगानं विकायला निघालं होतं. मी तिथून ट्रकचा एक डायनामो आणला. डायनामो फिरवला की वीज देतो आणि उलट त्याला वीज दिली की तो फिरतो, हे माझ्या पुस्तकाच्या शाबूत पानांत होतं. त्याला खाली लोखंडी नळी जोडली, नळीच्या टोकाला लाकडाला भोकं पाडायच्या हातगिरमिटाची दातेरी चाकं बसवली, आणि त्याला पितळी पंखा लावला. तांबटाला मी नुसतं ‘पंखा’ म्हटलं होतं, त्याला वाटलं वारा घ्यायचा. त्यानं पात्यांवर हौसेनं कमळाच्या पाकळ्या ठोकून दिल्या. मोटार पहिल्यांदा फिरली ती उलटी. मी बॅटरीच्या तारांची अदलाबदल केली. तरी उलटीच. परत केली. तरी तेच. दिवसभर तारा बदलून संध्याकाळी मी दातेरी चाकंच काढून उलट्या बाजूनं बसवली आणि तारांना दोष देत घरी गेलो.

माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल. बायको अथणीकडची, कानडी मुलुखातली, आणि बोलायला फटकळ. माझ्या धोतरांना बॅटरीच्या ॲसिडनं भोकं पडायची, ती रफू करता करता तिनं विचारलं, “ह्या होडीत तुमी काय करनार हाईसा?”

“मी माशाला हातसुद्धा लावणार नाही. मी फक्त करंट देणार.”

“म्हंजे पाप त्यांचं, आन् पापाला गाडी तुमची.”

मी तिला इंजिनियरिंग आणि धर्म यांतला फरक समजावून सांगितला. तिनं तो ऐकून घेतला आणि दोरा दातानं तोडला. वडिलांना मात्र मी ‘नदीवर पंपाचं काम घेतलंय’ असं सांगून ठेवलं. पोरगा पंप बसवतोय ही बातमी त्यांनी मोठ्या अभिमानानं साऱ्या हळदबाजारात सांगितली.

हवालदाराच्या घरची एक लहान होडी होती. नदीपलीकडं त्यांचा मळा होता, तिथं ये-जा करण्यासाठी ठेवलेली. तिच्या पुढच्या टोकाला आम्ही मोटार उभी बसवली. नळीच्या वर एक आडवी पट्टी ठोकली, पट्टीच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधल्या आणि त्या मागं माझ्या हातात घेतल्या. बैलगाडीचे कासरेच म्हणा. उजवी दोरी ओढली की मोटार उजवीकडं तोंड करी, डावी ओढली की डावीकडं. मागच्या टोकाला मी, माझ्यापुढं बॅटरी. मोटारीपाशी हवालदार, हातात काठी. रचना मला इतकी सुंदर वाटली की निघायच्या आधी मी काठावर उभा राहून ती पुन्हा एकदा डोळे भरून पाहून घेतली.

गावाच्या वरच्या बाजूला नदीला डोह होता, तिथं पाणी जवळजवळ थांबलेलंच असे. पहाटे तिथं पोचलो. काठाला बायका धुणं धूत होत्या. मी कासरे हातात घेतले, डावीकडं मोटार वळवली आणि बटण दाबलं.

होडी फिरायला लागली. आडवी सरकण्याचं नाव नाही. पुढचं टोक डावीकडं गेलं आणि जातच राहिलं. काठ गेला, पलीकडचा काठ आला, तोही गेला, बायका आल्या, बायका गेल्या, पुन्हा काठ आला. मी घाबरून उजवा कासरा ओढला, तशी ती उजवीकडून फिरायला लागली. बायकांनी धुणं थांबवलं. एकीनं ओरडून विचारलं, “काय हरवलंय व्हय?”

हवालदार काठी आडवी धरून शांत बसून होता. काही फेऱ्या झाल्यावर वळून न बघता म्हणाला, “शेट, एका हातानं वल्हं मारलं तवाबी ती अशीच फिरत हुती. तुजी मोटार कशाला पायजे?”

मी वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्या खेपेला पाण्याच्या ओढीला दिला. त्यानंतर होडी बांधणाऱ्या सुताराला दिला, तो बिचारा कधीच वारला होता. रोज दुकानात पाटी घेऊन मी होडीची चित्रं काढायचो, त्यांवर बाण काढायचो, बाणांची बेरीज करायचो. पाटीवर होडी इतकी झोकात आडवी चालायची की गिऱ्हाईकांनाही बघायला बोलवावं. पाण्यात मात्र तोंड डावीकडं ओढलं जाई आणि शेपूट जागचं हलत नसे. थोड्या वेळात होडी काठाला समांतर होई, आणि हवालदाराचं तोंड मरळीकडं न राहता सरळ सांगलीकडं होई.

अशाच एका खेपेला त्यानं गळ फेकायला हात मागं नेला आणि नेमकं तेव्हाच मी कासरा ओढला. गळ माझ्या टोपीत अडकला आणि टोपी हवेतून जाऊन बाभळीच्या मुळ्यांत पडली. त्या महिन्यात गळाला लागलेली ती एकच वस्तू. हवालदारानं चकरी फिरवून टोपी सावकाश ओढून आणली, गळ काढला आणि ओली टोपी माझ्याकडं फेकली.

“माप मोठं हाय,” तो म्हणाला, “पर डोकं बारीक.”

यावर मी चिडलो. गेल्या कित्येक पहाटांचं जागरण, धोतरांची भोकं, वडिलांपुढचं खोटं, सगळं बाहेर आलं. मी म्हणालो की मोटारीत काही दोष नाही, बसणाऱ्याला नीट बसता येत नाही. तो म्हणाला, मग तू बस की पुढं. मी म्हणालो, बसतो! बॅटरीची तार सैल झाली असेल ती मोटारीपाशी जाऊन तपासतो, असं काहीतरी बरळत मी ती जड बॅटरी दोन्ही हातांनी ओढत पुढं नेली आणि हवालदाराच्या पाठीला पाठ लावून तिथंच बसलो. जागा इतकी थोडी होती की रागातसुद्धा आम्हांला एकमेकांना टेकूनच बसावं लागलं. होडीचं पुढचं टोक पाण्यात दबलं, मागचं वर आलं. मी तार काढून, बटण वगळून, थेट टेकवली. मोटार डावीकडं तोंड करून होती ती तशीच सुरू झाली.

आणि होडी आडवी सरकली. तोंड काठाकडंच. मी मान वळवून बघितलं तर लव्हाळा होडीच्या समोरून एकेक जुडी करत उजवीकडं जायला लागला, जसा कुणी पडदा ओढतंय. हवालदारानं श्वास रोखला. मीही रोखला. त्यानं हळूच गळ टाकला आणि पहिल्यांदाच तो जिथं टाकायचा होता तिथं पडला.

मला तेव्हा कळलं. मी आणि बॅटरी मागं बसलो होतो म्हणून शेपूट पाण्यात खोल रुतून राहत होतं, खुंट्यासारखं, आणि पुढचं टोक त्या खुंट्याभोवती फिरत होतं. ओझं पुढं मोटारीपाशी आणलं तसं शेपूट हलकं होऊन मागोमाग यायला लागलं. इतके दिवस होडी फिरवणारा खुंटा मीच होतो. पाटीवर काढलेल्या चित्रांत मी बाण सगळीकडं काढले होते, फक्त मी स्वतः कुठं बसलोय ते काढलं नव्हतं.

त्यानंतर आमची प्रगती झाली. एकसारखं बटण दाबून ठेवायचं नाही, थोडं दाबायचं आणि सोडायचं, हे शिकलो. तोंड वळायला लागलं की मोटार उलट्या बाजूला करून एक हलका धक्का द्यायचा. होडी काठाच्या फार जवळ गेली की मोटार मागं वळवून तिला ओढून घ्यायची. वारा आला की शेपूट हलकं असल्यानं तेच आधी उडायचं, तेव्हा वाऱ्याच्या आधीच धक्का द्यावा लागे. मी हवालदाराच्या मागं उकिडवा बसून, गुडघे त्याच्या पाठीत खुपसून, बगलेतून पुढं बघत कासरे ओढत असे. सकाळभर असं बसलं की दुकानात जाऊनही मी उकिडवाच बसायचो. पण होडी चालायची. धुणं धुणाऱ्या बायकांनी आमच्याकडं बघणं सोडून दिलं, यावरून मला यशाची खात्री पटली.

थंडीचे दिवस होते. पाण्यावर धुकं होतं आणि आम्ही बाभळीच्या मुळांच्या एका मोठ्या गुंत्याजवळ सरकत होतो. हवालदारानं गळ टाकला, दोरा ताणला गेला आणि काठी एकदम धनुष्यासारखी वाकली.

“लागली!” तो म्हणाला. “लय मोठी हाय. शेट, तोंड सोडू नगं. मुळात शिरली तर गेली.”

काठीचं बूड त्यानं पोटाशी दाबलं आणि डाव्या खांद्याच्या उरलेल्या भागानं काठी कवटाळून उजव्या हातानं चकरी फिरवायला घेतली. मी कासरे ओढत होतो. डावीकडं धक्का, उजवीकडं धक्का, मागं ओढ. खरं सांगायचं तर इतकी चांगली होडी मी आधी कधी चालवली नव्हती आणि पुढंही कधी चालवली नाही. मरळ डावीकडं पळाली की आम्ही डावीकडं सरकायचो, उजवीकडं पळाली की उजवीकडं, आणि तोंड मात्र सारखं तिच्यासमोर. हवालदार हळूहळू बोलत होता, माझ्याशी की माशाशी ते कळत नव्हतं: “ये बाय. ये. अशी ये.”

मरळ होडीपाशी आली. काळी, जाड, माझ्या हाताएवढी लांब. आणि तिनं माझ्याकडं बघितलं. निदान मला तसं वाटलं.

“शेट, जाळी धर! खालनं घाल!”

दांड्याची एक लहान जाळी होडीत होती, मासा वर उचलायला. ती उचलायला त्याला हात नव्हता. मला दोन होते, पण दोन्हींत कासरे होते, आणि मनात आईचा चेहरा. मी करंट देणारा माणूस. जाळी धरली म्हणजे मासा मीच धरला की नाही, हा प्रश्न मी त्या घटकेला तपासायला घेतला.

“आरं धर की रं!”

मी कासरे सोडले. जाळीकडं झेप घेतली. मोकळी झालेली मोटार गर्रकन फिरली, बटण माझ्या पायाखाली दाबलं गेलेलं होतं, आणि होडीनं ज्या दिशेला जायचं नव्हतं त्या दिशेला एक हिसका दिला. मी जाळीसकट पाण्यात गेलो.

मला पोहता येत नव्हतं. “बुडालो! बुडालो!” असं मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, सगळे तीर्थंकर आठवले, आणि बायकोनं आदल्या दिवशी धुतलेल्या धोतराचाही विचार मनात आला. मग हवालदाराचा आवाज ऐकू आला.

“शेट, हुबा ऱ्हा.”

मी उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं.

मरळ गेली होती. दोरा तुटून काठीच्या टोकाला लोंबत होता. हवालदार होडीच्या पुढच्या टोकाला बसून हसत होता. इतका हसत होता की काठी त्याच्या मांडीवरून घसरली, तीही त्यानं उचलली नाही. डोळ्यांतलं पाणी तो खांद्याला पुसायचा, माझ्याकडं बघायचा आणि पुन्हा हसायचा. शाळेत मास्तरांची खुर्ची मोडली होती तेव्हा तो असा हसला होता. मी डोक्यावर जाळी घेऊन उभा होतो, रागवावं की हसावं ते ठरत नव्हतं, आणि थंडीनं दात वाजत होते.

घरी आलो तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. मला नखशिखांत भिजलेला बघून त्यांनी विचारलं, “किती पाणी उपसलं रे पंपानं?”

“धोतरात मावेल तेवढं,” मी म्हणालो आणि आत गेलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हवालदार दुकानात आला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, “शेट, राग नगं मानू. मला एकट्याला जायाचंय.”

“एकट्याला? होडी कोण चालवणार?”

“त्ये तू बघ. तू इंजिनेर हाईस.” मग तो म्हणाला, “तू असलास की लय मजा येती. खोटं कशाला बोलू? पर तुज्यापायी मासा आला आन् तुज्यापायी मासा गेला. माज्यापायी काय? मला माजा मासा मी घालवायचा हाय. घालवायचा तर घालवायचा.”

मी समजूतदारपणे मान डोलावली आणि तो गेल्यावर चार दिवस कुढत बसलो. एवढं करून हे फळ! मीच नसेन तर होडी चालेलच कशी? मुळात आडवी चालवण्याचं तंत्र कुणाचं? हे सगळं मी बायकोला सांगितलं, जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “अय्यो, किती वेळ त्येच! त्यांना होडी पायजे हुती, तुमी न्हाई. होडी दिलासा का पुरती?”

“पुरतीच दिली की.”

“कुठली पुरती? चालवायला तुमी लागतासा, म्हंजे अर्धीच झाली.”

मी ताट सरकवून दुकानात गेलो, रागानं, आणि पाटीवर पुन्हा होडी काढली. या वेळी तिच्यात फक्त एका माणसाला बसवलं. त्याला एक हात काढला. दोन पाय काढले. आणि तिथं थांबलो. पाय दोन होते की! कासरे हातातच असले पाहिजेत असं कुणी सांगितलं होतं? मीच. कारण ते माझ्या हातात होते.

पुण्याहून आणलेल्या सामानात ट्रकमधलं, ड्रायव्हरनं पायानं दाबायचं बटण पडून होतं. एक फळी घेतली, मधोमध खिळ्यावर बसवली, म्हणजे डावा पाय दाबला की एक टोक पुढं जाई आणि उजवा दाबला की दुसरं. कासरे कापून आखूड केले, फळीच्या टोकांना बांधले. बटण उजव्या टाचेखाली. बॅटरी त्याच्या बसण्याच्या फळीखालीच ठोकून पक्की केली, म्हणजे शेपूट हलकं राहावं. कासरे कापायच्या आधी मी ते एकदा हातात घेऊन ओढून बघितले.

पहिल्या दिवशी हवालदार एकटा निघाला. मी काठावर उभा राहून सूचना देत होतो. “डावा! डावा दाब! आता सोड! अरे सोड म्हणतो ना!” सुरुवातीला होडी फिरली, मला फार बरं वाटलं. मग ती फिरायची थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. पाय हलत होते, कमरेवरचं अंग स्थिर, उजव्या हातात काठी. टाच दाबायचा, सोडायचा. तोंड काठाकडं ठेवून होडी लव्हाळ्यासमोरून सरकायला लागली, माझ्या हातून कधी सरकली नव्हती इतकी अलगद. मला वाऱ्याचा धक्का वारा आल्यावर कळायचा. त्याच्या तळपायांना तो आधीच कळत होता.

मी काठाकाठानं तिच्याबरोबर पळायला लागलो. “वारा बघ! मागून वारा!” काटे लागत होते, धोतर बाभळीत अडकलं ते फाडून पुढं गेलो. एका ओघळीपाशी काठ ओला होता, तिथं पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. एक पाय काढायला गेलो तर दुसरा आणखी खोल. हलता येईना. होडी पुढं निघून गेली होती आणि धुक्यात तिचं नुसतं काळं टोक दिसत होतं. मी ओरडलो नाही. बुडालो म्हणून एकदा ओरडून झालं होतं, आता रुतलो म्हणून ओरडण्याची हिंमत नव्हती.

किती वेळ तसा उभा होतो कुणास ठाऊक. बगळा येऊन शेजारी बसला, मला बघून त्याला काही वाटलं नाही. मग मोटारीची बारीक घरघर ऐकू आली. होडी परत येत होती, उलट्या दिशेनं, तशीच आडवी, तोंड काठाकडं. सरकत सरकत ती बरोबर माझ्यासमोर आली आणि थांबली. हवालदारानं मोटार सरळ केली, टाच क्षणभर दाबली, आणि होडीचं टोक अगदी हळू येऊन माझ्या पोटाला टेकलं.

त्यानं काठी खाली ठेवली आणि हात पुढं केला. “चढ.”

मी त्याचा हात धरला. त्यानं असा काही ओढला की माझ्या वहाणा चिखलातच राहिल्या. मी जुन्या सवयीनं मागच्या टोकाकडं निघालो.

“मागं नगं. शेपूट जड हुतंय,” तो म्हणाला. “हितं पुढं बस. आन् पायाखाली बघ.”

पायाखाली ओलं पोतं होतं आणि पोत्यात काहीतरी जोरानं आपटत होतं. मी दोन्ही पाय उचलून फळीवर घेतले, धोतर गोळा करून मांडीखाली दाबलं आणि घाटापर्यंत तसाच, बाळंतिणीसारखा, बसून आलो. वाटेत एकदा मी म्हणालो, “वारा उजवीकडून येतोय.”

“शेट,” हवालदार म्हणाला, “गप बस.”

मी गप बसलो. नदीवरचं धुकं उडालं होतं. लव्हाळा, बाभळी, धुणं धुणाऱ्या बायका सगळं समोरून सावकाश सरकत होतं, आणि आजवर मी त्यातलं काही बघितलंच नव्हतं. मला फक्त कासरे दिसायचे.

घरी बायकोनं चिखलानं माखलेले अनवाणी पाय बघितले आणि पाण्याची बादली पुढं सरकवली.

“धरला का मासा त्यांनी?”

“धरला.”

“आन् तुमी काय केलासा?”

“मी होडीत बसून आलो,” मी म्हणालो, आणि पाय धुवायला लागलो.